अकराव्या सर्गातली घोडी

"हा मानूस तं आता बुडून मरन," रिठदचे शामराव पाटील म्हणाले. "मंग पुढचे नऊ सर्ग कोन लढन?"

वाशीमच्या आमच्या छापखान्यात दोरीवर प्रूफ वाळत होतं. प्रूफ म्हणजे खरी छपाई सुरू होण्याआधी तपासणीसाठी काढलेली प्रत. पाटील हात मागे बांधून तिच्यासमोर उभे होते. त्यांच्या एका बाजूला कवी, म्हणजे इंझोरीचे निवृत्त हेडमास्तर गोविंदराव. दुसऱ्या बाजूला छापखान्याचे मालक. मी, म्हणजे ते चित्र काढणारा, शाईचे हात पुसत मागे उभा. चौघांपैकी तिघांना चित्र पसंत होतं. पसंत नव्हतं ते फक्त पाटलांना, आणि वर्गणीदारांच्या नावांची वही त्यांच्या काखेत होती.

त्या काळी अशी पुस्तकं वर्गणीदारांच्या भरवशावर निघत. आधी गावोगाव नावं गोळा करायची. नावं पुरेशी झाली की छपाई सुरू करायची, आणि पुस्तकाच्या शेवटी ती सगळी नावं छापायची. गोविंदराव मास्तर तरुणपणी रिठदच्या शाळेत होते आणि शामराव पाटील त्यांचे विद्यार्थी. त्यामुळे रिठद आणि आसपासच्या गावांतली नावं पाटलांनी मनावर घेऊन जमवली होती. एकूण नावांपैकी निम्म्याहून जास्त त्यांचीच. ती आली नाहीत तर मास्तरांनी अकरा वर्षं खपून लिहिलेलं महाकाव्य बासनातच राहणार, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

माझंही थोडं अडलेलं होतं. मुंबईच्या चित्रशाळेत दोन वर्षं काढून मी या छापखान्यात लागलो, त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत मी प्रामुख्याने रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या गठाणींवर चिकटवायची लेबलं काढली. हत्ती, मोर, कमळ, पुन्हा हत्ती. मधल्या काळात केसांच्या तेलाच्या बाटल्या. कोपऱ्यात माझं नाव टाकायची परवानगी मिळालेलं हे पहिलंच चित्र.

महाकाव्य वीस सर्गांचं होतं. नायक राजपुत्र वज्रकेतू, नायिका राजकन्या सुलेखा. अकराव्या सर्गात वज्रकेतू तिला शत्रूच्या किल्ल्यातून सोडवतो. वाटेत नदीला पूर. मागे सेना, पुढे पाणी. तो घोड्यासह पुरात उडी घालतो. मास्तरांनी हा सर्ग मला तीन वेळा वाचून दाखवला होता.

"विजा पाहिजेत," ते म्हणाले होते.

"किती?"

"सर्गात दोन आहेत. तुम्ही तीन काढा."

मी तीन काढल्या. चित्रशाळेत विलायती चित्रांच्या छापील प्रती पाहिल्या होत्या. बुडणारी जहाजं, फाटलेलं आभाळ, दोन पायांवर उभे राहिलेले घोडे, उघड्या छातीची माणसं. आमचे शिक्षक सांगत की अशा चित्रात वस्तुस्थितीपेक्षा मनाची खळबळ महत्त्वाची. मला ते पटलं होतं. त्यानुसार माझा वज्रकेतू छातीभर पाण्यात घोड्याच्या पुढे ताठ उभा होता. एका हातानं त्यानं लगाम खेचून धरला होता, दुसरा हात आभाळाकडे फेकला होता. उपरणं वाऱ्यावर. घोड्याचे पुढचे खूर पाण्याच्या वर, तोंड उघडं. सुलेखा नायकाच्या खांद्यावर बेशुद्ध. मास्तरांना पहिल्यांदा चित्र दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. नमुन्याचं एक पान आठवड्यापूर्वी रिठदला पाठवलं होतं. पाटील आले होते ते त्या पानामुळे.

"काहून बुडन?" मालकांनी विचारलं. मालक मूळचे कारंज्याकडचे, पाटलांशी ते पाटलांच्याच बोलीत बोलत.

पाटलांनी बोट पुढे केलं, पण ओल्या शाईला लावलं नाही.

"एक पाह्या. घोडं पोहून राह्यलं, अन् ह्यानं लगाम वढला. पोहत्या घोड्याचा लगाम वढला का थे मांगं उलथते, पोट वर. दोन पाह्या. हा त्याच्या म्होरं उभा हाय. पोहताना घोडं पुढचे पाय कसे मारते, पायलं काय तुमी कधी? ह्याची एक बरगडी जाग्यावर राह्यत नाई. अन् तीन..."

"तीन काय?"

"ह्याचा हात. पुरात मानसाले दोनच हात असते. त्यातला एक ह्यानं वर कायले पाठवला?"

"शामराव," मास्तर म्हणाले, "तो हात नियतीला आव्हान देतो आहे."

"गुरुजी, थो हात घोड्याच्या शेपटीले पाहिजे."

मशीनवर काम करणाऱ्यानं चाक थांबवलं. मास्तरांनी चष्मा काढला.

"शेपटीला?"

"शेपटीले. आमी पुरातून असेच जातो. जनावर म्होरं, मानूस मांगं, शेपूट हातात. पान्यातली वाट जनावराले समजते. आपन फक्त हातातलं सोडाचं नाई."

"वज्रकेतू सूर्यवंशी आहे."

"पान्याले काय सांगाल थे?"

"शामराव, हे महाकाव्य आहे. बैलांचा बाजार नव्हे."

पाटील रागावले नाहीत. त्यांनी आवाज उतरवला. "गुरुजी, पोथी तुमची सोन्याची हाय. मी घरी दोन सर्ग वाचून दाखवले, माय रडली माही. पन हे पान पाराजवळ लावलं अन् सारं गाव हासून राह्यलं. धनजच्या सोयऱ्यायनं पायलं, थेही हासले. ज्या पोथीवर लोकं एकदा हासले, थे मांडीवर घेऊन वाचाले कोनी बसत नाई. चित्र बदला. तवरोक नावं माह्या वहीत राह्यतीन."

ते गेले. वहीही गेली.

"पेंटर," मालकांनी मला विचारलं, "शेपूट काढायला किती दिवस?"

"आठ. पण..."

"पण काही नाही," मास्तर म्हणाले. "माझा नायक जनावराच्या शेपटीला लोंबकळणार असेल, तर पुस्तक न छापलेलं बरं." त्यांनी टेबलावरचं लाल कापडाचं बासन उचलून छातीशी धरलं. त्यात महाकाव्याची स्वच्छ लिहिलेली एकमेव प्रत होती. ती ते कुठेही जाताना बरोबर ठेवत. छापखान्यात आम्हाला एका वेळी एकच सर्ग मिळे, आणि तो परत केल्याशिवाय पुढचा मिळत नसे.

इथं धंद्यातली एक अडचण सांगायला हवी. आमची छपाई शिळाछाप होती. त्यात चित्र थेट दगडावर काढतात. दगड परदेशातून येई. फिकट पिवळा, काचेसारखा घोटलेला. त्यावर तेलकट खडूनं किंवा तेलकट शाईनं चित्र काढायचं, आणि तेही उलटं, आरशात दिसतं तसं. मग दगड ओला करायचा. मोकळी जागा पाणी धरते, तेलकट रेघा शाई धरतात. वर कागद ठेवून दाबला की चित्र सुलटं उमटतं. कागदावरची चूक रबरानं जाते. दगडावरची चूक घालवायची तर दगडच झिजवावा लागतो. आमच्याकडे एवढ्या मापाचा दगड एकच होता, आणि दसऱ्यानंतर जिनिंगचा हंगाम लागला की त्यावर गठाणींचा हत्ती चढवावाच लागे. तोवर वज्रकेतू नदीपार गेला नाही, तर तो घासला जाणार होता.

त्या दिवशी मी मास्तरांच्या बाजूचा होतो. मालकांना म्हणालो, चित्र भावना दाखवतं, पोहण्याचे धडे देत नाही.

"गठाणीवर हत्ती काढता, तेव्हा सोंड कुठं काढता?" त्यांनी विचारलं.

"पुढं."

"भावनेसाठी कधी मागं काढलीत?"

मालकांनी तोडगा काढला. भाद्रपद चालू आहे, नदीला पाणी आहे. मास्तर आणि मी, दोघांनी रिठदला जाऊन डोळ्यांनी पाहून यावं. मास्तर लगेच तयार झाले. पाटलांची चूक त्यांच्याच गावात जाऊन सिद्ध करावी असा त्यांचा विचार होता, आणि तो त्यांनी वाटेत मला दोनदा सांगितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची दमणी, म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी, रिठदच्या नदीवर पोचली. पाटलांचं शेत पलीकडच्या काठावर होतं. उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या उथळ जागी, पाणी जेमतेम गुडघाभर. गाडी अलीकडे वाळूत बाभळीखाली सोडली. गाडीवान बैल घेऊन चारायला गेला. मास्तरांनी थोडा विचार करून बासन गाडीतच कडब्याखाली ठेवलं. पाय घसरला तर प्रत भिजेल, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांनी कडब्यावरून दोनदा हात फिरवला आणि छत्री घेऊन पाण्यात उतरले.

शेताच्या कडेला डोह होता. पाटलांनी तांबडी घोडी आणली. तिचं नाव मैना. डाव्या कानाला जुनी खाच. पाटील पन्नाशीचे असतील. त्यांनी फेटा आणि अंगरखा काढला, दोन्हींचं गाठोडं करून घोडीच्या मानेला बांधलं, आणि तिला डोहात घातलं. घोडीचे पाय सुटले तसे तेही सुटले. पुढे घोडी, मागे शेपूट धरून पाटील. एक फेरी मारून दोघं परत आली.

मी वहीत टिपून घेतलं. पोहताना घोड्याची मान पुढे, पाण्याला समांतर. नाकपुड्या पाण्याच्या जेमतेम वर. कान मागे. पाठ जवळपास बुडालेली. शेपूट पाण्यावर तरंगतं. माझ्या चित्रातला घोडा यापैकी काहीच करत नव्हता. तो नाटकातल्या राजासारखा उभा होता.

"आता तुमचं चित्र करून दाखवतो," पाटील म्हणाले. त्यांनी घोडीला पुन्हा पाण्यात घातलं आणि काठावरून लगाम मागे खेचला, अगदी हलका. घोडीचं तोंड वर गेलं, मागचा भाग खाली, आणि ती एका अंगावर कलंडायला लागली. त्यांनी लगेच लगाम सोडला. घोडी बाहेर आली आणि अंग झाडून तिनं आम्हा सगळ्यांना भिजवलं. "पायलं?"

मी पाहिलं होतं. मास्तर दगडावर छत्री उघडून बसले होते.

"पाहिलं. घोडी पोहते हे मान्य. वज्रकेतू शेपूट धरणार नाही."

"मंग थो जाईन कसा, गुरुजी?"

"स्वतःच्या तेजानं."

"तेजानं दिवा लागते. पोहनं होत नाई."

दुपारी शेतातल्या खोपीत जेवण झालं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. जेवताना मास्तरांनी अकरावा सर्ग तोंडपाठ म्हणून दाखवला. पाटील मान हलवत ऐकत होते. चांगल्या ओळीला त्यांनी दाद दिली, आणि घोड्याचा उल्लेख आला की दर वेळी माझ्याकडे पाहिलं. आभाळ कोरडं होतं. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वरच्या अंगाला सकाळपासून पडत होता. ते आम्हाला नदीकडूनच कळलं.

पाटलांच्या गड्यानं आरोळी दिली. आम्ही काठावर आलो. पाणी गढूळ झालं होतं, वर फेस आणि काडीकचरा. उतार दिसेनासा झाला होता. पलीकडे बाभळीखाली आमची दमणी उभी होती आणि पाणी तिच्या चाकाला लागलं होतं. गाडीवान नाही, बैल नाहीत. आम्ही सगळ्यांनी हाका मारल्या. पलीकडून कोणी ओ दिली नाही.

"बासन," मास्तर म्हणाले.

पाणी चाकाच्या तुंब्यापर्यंत चढलं. तुंबा म्हणजे चाकाचा मधला लाकडी गड्डा. तो बुडाला की गाडी हलायला लागते.

"बासन," ते पुन्हा म्हणाले.

"गुरुजी, मी आनतो. तुमी इथंच बसा. जाग्यावरून हालू नका," पाटील म्हणाले आणि घोडीकडे पळाले. एवढ्या पाण्यात घोडी एकटी शिरेना. म्हणून ते तिच्या उघड्या पाठीवर बसले. लगाम मोकळा सोडला, आयाळ धरली, टाच दिली. घोडी पाण्यात उतरली.

छत्री माझ्या पायाशी पडली. मी वळलो तेव्हा मास्तर कमरेइतक्या पाण्यात होते. पुढच्या क्षणी त्यांनी घोडीचं शेपूट दोन्ही हातांनी धरलं. कुठे धरायचं हे त्यांना कोणी सांगितलं नाही. पाटलांना ते मागे आहेत हे कळलंच नव्हतं. कळलं ते निम्म्या पाण्यात, घोडीला ओझं लागल्यावर. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि जे म्हटलं ते आम्हाला काठावर स्पष्ट ऐकू आलं: "गुरुजी! काहून आले तुमी? आता सोडू नका! आईची आन हाय, सोडू नका!"

मला पोहता येत नाही. मला येत होतं ते मी केलं. वही उघडी होती, पेन्सिल हातात होती. मी दोन स्केचेस केली. पहिल्यात नुसतं पाणी आहे. दुसरं उपयोगी ठरलं. त्यात घोडीचं नाक आणि दोन कान, पाटलांची पाठ, आणि मागे मास्तरांचं टक्कल. पागोटं वाहून गेलं होतं. एक हात पुढे ताणलेला, आणि हात ते घोडी यांच्या मध्ये शेपटाची ताठ रेघ. दुसऱ्या हातानं ते पाणी मारत होते. तोंड घट्ट मिटलेलं. डोळे आभाळाकडे नव्हते. ते गाडीकडे होते.

दोघं बरीच खाली वाहत जाऊन काठाला लागली. मास्तरांनी शेपूट सोडलं आणि चिखलातून गाडीकडे धावत सुटले. बासष्ट वर्षांच्या माणसाला मी त्यानंतर तसं धावताना पाहिलेलं नाही. ते गाडीत चढले आणि बासन मांडीवर घेऊन बसले. पाण्यानं गाडी डोलायला लागली होती. "गुरुजी, उतरा, गाडी वढाची हाय," असं पाटील सांगत होते. मास्तर उतरले नाहीत. शेवटी गाडीवान धावत आला आणि दोघांनी मास्तरांसकट गाडी वर ओढली. पलीकडून मला दिसलं की मास्तरांनी बासन सोडलं, ओले हात कडब्याला पुसले आणि पानं उलटायला सुरुवात केली. थोड्या वेळानं पानं उलटणं थांबलं. ते वाचत होते.

दिवस कलता पाणी उतरलं आणि मी गुडघाभर पाण्यातून पार होऊन गावात आलो. मास्तर पाटलांच्या ओसरीवर पाटलांचं धोतर नेसून, घोंगडी पांघरून चहा पीत बसले होते. बासन शेजारी, कोरडं.

"काय टिपलंत?" त्यांनी विचारलं.

मी वही दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली, मग जवळ घेऊन पाहिली.

"हा मी?"

"हो."

"असं तोंड झालं होतं?"

"हो."

पाटलांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "पाढे चुकल्यावर आमचं असंच होत होतं, गुरुजी. तुमाले तवा कोठी दिसत होतं?"

मास्तर हसले. मग म्हणाले, "शेपूट मी का धरलं, हे मात्र मला सांगता येणार नाही. मी विचार केला नव्हता."

"मंग तुमचा वज्रकेतू तरी कायले विचार करन? त्याच्या मांगं तं फौज हाय."

मास्तरांनी चहा संपवला. कपबशी खाली ठेवली. "ठीक आहे," ते म्हणाले. "शेपूट धरेल. पण मुकुट जाणार नाही."

"तुमचं पागोटं गेलं ना?"

"पागोटं आणि मुकुट यांत फरक आहे, शामराव."

यावर बराच वेळ गेला. पाटलांचं मत असं की त्या पाण्यात डोक्यावर केसही राहतील की नाही शंका. मला डोहातलं गाठोडं आठवलं. मी सुचवलं की सुलेखेला घोड्यावर बसवून मुकुट तिच्या हातात द्यावा.

"थे तं बेसुद हाय," पाटील म्हणाले. "अन् बेसुद बाई पोहत्या घोड्यावर टिकत नाई. तिले शुद्धीवर आना. एका हातात आयाल, एका हातात मुकुट. बाईमानूस अशा टायमाले बेसुद पडत नाई जी. पार झाल्यावर पडते."

मास्तरांनी क्षणभर विचार केला, पेन्सिल मागितली आणि सुलेखेची मूर्च्छा बाराव्या सर्गात ढकलली.

"आणि विजा?" मी विचारलं.

"इजा राहू द्या," पाटील म्हणाले. "इजा झकास हायेत."

पुढचे आठ दिवस दगडाशी गेले. वज्रकेतू, उभा घोडा आणि बेशुद्ध सुलेखा यांची जागा छोट्या घासणीच्या दगडानं पाणी टाकत घासून काढली. ती जागा तुरटीच्या पाण्यानं पुन्हा तयार केली, म्हणजे ती नव्यानं तेलकट खडू धरते. तिथं पोहणारी घोडी काढली, लांब मानेची. तिच्या पाठीवर शुद्धीवरची सुलेखा. इथवर सोपं होतं. अवघड जागा घोडीच्या मागे होती. पहिल्या चित्रात मी तिथं पुराचा काळोख म्हणून सरळ शाई भरून टाकली होती. त्यात भावनाही होती आणि आळसही. आता नेमका तिथंच नायक हवा होता.

काळ्यावर पांढरं काढता येत नाही. पण धारदार पात्यानं शाईचा थर खरवडला की खाली दगड उघडा पडतो आणि छापताना ती रेघ पांढरी येते. एका जागी एकदाच खरवडता येतं. दुसऱ्यांदा गेलं की दगडात खड्डा पडतो आणि छापताना तिथं डाग येतो. म्हणजे मास्तरांचा चेहरा एका हातात, एका वेळी, आणि उलटा काढायचा होता. चौथ्या दिवशी सकाळी मालकांनी खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसले. मी डोकं काढलं, ताणलेला हात काढला, मिटलेलं तोंड काढलं. शेवटी एका रेघेत शेपूट. मग दगडासमोर आरसा धरला. आरशात दगडावरचं चित्र सुलटं दिसतं. वज्रकेतू पलीकडच्या काठाकडे पाहत होता. त्याला मिशा आणि केस दिले होते. बाकी काही बदललं नव्हतं.

नव्या प्रूफसाठी पाटील आले. पुन्हा हात मागे बांधून उभे राहिले. मास्तर एका बाजूला, मालक दुसऱ्या. पाटील इतका वेळ उभे राहिले की मशीनवरच्या माणसानं आपण होऊन चाक थांबवलं.

"घोडी माही हाय," ते शेवटी म्हणाले.

"कशावरून?"

"कान पाह्या ना. डाव्या कानाले खाच." मग त्यांनी नायकाकडे बोट नेलं, मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. "हा आता बुडत नाई," म्हणाले आणि काखेतली वही मालकांच्या टेबलावर ठेवली.

पुस्तक दसऱ्याच्या आत निघालं. शेवटच्या पानांवर रिठदची नावं सगळ्यांत जास्त होती. दुसऱ्या दिवशी दगड घासला गेला आणि त्याच जागी गठाणींचा हत्ती आला. शिळाछापात असंच असतं. मूळ चित्र कुठे उरत नाही, कागद उरतात.

ते कागद बरेच उरले. पुढे वर्षभरानं मी रिठदला गेलो, तेव्हा तीन घरांत चित्राचं पान पुस्तकातून काढून दारावर चिकटवलेलं पाहिलं. पाहुण्यांना आधी मैना दाखवत, मग वज्रकेतू. सर्गात अश्व आहे आणि चित्रात घोडी, ही गोष्ट एकाही वाचकानं विचारली नाही. पाणी पाठीपर्यंत असल्यानं तो प्रश्न उद्भवला नसावा. एका मासिकात पुस्तकावर अभिप्राय आला. त्यात काव्याबद्दल चार ओळी आणि पुराच्या चित्राबद्दल सहा होत्या. मास्तरांनी तो अभिप्राय बासनात ठेवला.

प्रस्तावनेत त्यांनी माझे आभार मानले आहेत. तिथं असं छापलं आहे की अकराव्या सर्गाचं चित्र कवीच्या मूळ कल्पनेबरहुकूम काढलेलं आहे. त्या पानांची प्रूफं तपासायला माझ्याकडेच आली होती. मी एक काना दुरुस्त केला आणि छपाईला पाठवली.

त्यानंतर मी तीसेक वर्षं हा धंदा केला. गाय, म्हैस, उंट, एकदा सर्कशीचा वाघ, बरंच काही दगडावर काढलं. एक सवय तेवढी लागली. जनावर काढायच्या आधी ते पाळणाऱ्याकडे जातो आणि विचारतो, की याला धरायचं कुठून.